माजी महिला सैनिक, पीटीएसडी आणि ऑनलाइन उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकेच्या सैन्यदलांतून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. पीटीएसडी म्हणजे जिवावर बेतलेल्या किंवा हादरवून टाकणाऱ्या प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार. यातले नियम आणि आकडे तिथल्या 'व्हीए'च्या, म्हणजे माजी सैनिकांचं आरोग्य पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या संदर्भातले आहेत. काही प्रश्नांची उत्तरं लांबली आहेत, काहींची दोन ओळींत आटोपली आहेत. ज्यात जेवढा गुंता, तेवढं लिहिलं आहे.

आत्ता या क्षणी जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात असेल, तर पुढचं वाचत बसू नका. अमेरिकेत ९८८ लावा आणि १ दाबा. तोंडाने बोलवत नसेल तर ८३८२५५ वर मेसेज करा. पलीकडे माजी सैनिकांशी बोलण्याचं प्रशिक्षण घेतलेलं माणूस असतं, दिवसरात्र.

मी लढाईत नव्हतेच. ट्रक चालवायचे. मला पीटीएसडी कसा होईल?

होऊ शकतो. 'लढाई' या शब्दानेच इथे घोटाळा केला आहे. अमेरिकेत १९४८च्या कायद्याने स्त्रियांना सैन्यात कायमचं स्थान मिळालं, पण प्रत्यक्ष लढणाऱ्या तुकड्यांची दारं बंदच राहिली. ती बंदी उठवल्याची घोषणा २०१३मध्ये झाली आणि २०१६पासून सगळी पदं खुली झाली. हे झालं कागदावरचं. इराक आणि अफगाणिस्तानात आघाडी कुठे संपते आणि पिछाडी कुठे सुरू होते, हेच सांगता येत नव्हतं. रसदीचा ट्रक घेऊन निघालेल्या बाईला रस्त्यात पुरलेला बॉम्ब 'तुझं पद लढाऊ आहे का' असं विचारत नाही.

त्याआधी व्हिएतनाममध्ये गेलेल्या बहुतेक स्त्रिया परिचारिका होत्या. हातात बंदूक नव्हती. पण हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या जखमींपैकी कुणाला आधी आत घ्यायचं आणि कुणाला बाजूला ठेवायचं, हे ठरवताना त्या तिथे उभ्या होत्या. पीटीएसडी हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तिकेत आलं ते १९८०मध्ये. तोवर त्यातल्या कितीतरी जणी घरी परतून, नोकरीला लागून, गप्प बसून राहिल्या होत्या.

व्हीएच्या माहितीनुसार आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी होण्याचं प्रमाण माजी सैनिक स्त्रियांमध्ये १००मागे साधारण १३ आहे, पुरुषांमध्ये ६. 'हा पुरुषांचा आजार आहे' असं अजूनही कुणी म्हणालं तर हे दोन आकडे पुरेसे आहेत.

मला काही डोळ्यांसमोर दिसत वगैरे नाही. मी नुसती चिडकी झाले आहे. मग?

सिनेमात दाखवतात तसं फटाका वाजला की जमिनीवर पालथं पडणं, एवढीच खूण नसते. लक्षणं चार गटांत मोडतात. नको असताना आठवण घुसणं, मग ती जागेपणी असो की स्वप्नात. आठवण करून देणारी माणसं, जागा, विषय टाळणं. स्वतःविषयी आणि जगाविषयी मत काळवंडणं, आनंद न वाटणं, सगळ्यांपासून तुटल्यासारखं होणं. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असणं: दचकणं, झोप न लागणं, भडका उडणं. हे महिन्याहून अधिक टिकलं आणि रोजच्या जगण्यात आडवं येऊ लागलं, तर तपासून घ्यायला हवं.

जवळून पाहिलं तर हे फार साध्या रूपात दिसतं. गाडी नेहमी तोंड बाहेर करूनच लावायची, म्हणजे निघताना वेळ जायला नको. हॉटेलात भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशीच खुर्ची धरायची. मुलगा झोपल्यावर कडी दोनदा, मग तिसऱ्यांदा तपासायची. बाई स्वतः याला 'सवय' म्हणते. सवय असेलही, पण कडी न तपासता झोपून पाहा. झोप लागली तर सवय.

तपासणीसाठी बहुतेक ठिकाणी पीसीएल-५ नावाची प्रश्नावली देतात. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ८०. साधारण ३१ ते ३३च्या वर गेलं की नीट मुलाखत घेऊन निदान पक्कं करतात. नुसत्या गुणांवर निदान होत नाही. ही प्रश्नावली ऑनलाइन भरता येते आणि उपचार चालू असताना पुन्हा पुन्हा भरून घेतात. आकडा पुरेसा उतरला तर फरक खरा आहे असं धरतात.

'एमएसटी' म्हणजे काय? फॉर्मवर तो प्रश्न पाहून मी पान बंद केलं.

पुष्कळ जणी तिथेच थांबतात. सैन्यात सेवेत असताना झालेला लैंगिक अत्याचार किंवा धमकावणारा लैंगिक छळ, याला व्हीए 'एमएसटी' म्हणते. हे आजाराचं नाव नाही, अनुभवाचं नाव आहे. व्हीएत उपचाराला येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारतात, आणि दर ३ स्त्रियांमागे साधारण १ 'हो' म्हणते.

इथे चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा, कारण चुकीच्या ऐकीव माहितीने बायका वर्षानुवर्षं दूर राहतात. एमएसटीशी संबंधित शारीरिक आणि मानसिक उपचार व्हीएत मोफत आहेत. त्या वेळी तक्रार केली नव्हती तरी चालतं. पुराव्याचा कागद लागत नाही. आणि अपंगत्वाची भरपाई मंजूर झालेली नसली तरी उपचार मिळतो. व्हीएच्या प्रत्येक आरोग्यकेंद्रात एक एमएसटी समन्वयक असतात. फोन करून 'एमएसटी समन्वयकांशी बोलायचं आहे' एवढंच म्हणायचं. काय झालं ते फोन उचलणाऱ्याला सांगायची गरज नाही.

हा अत्याचार ज्याने केला तो बहुधा त्याच तुकडीतला, कधी वरचा अधिकारी असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच सॅल्यूट करायचा असतो. जखम शत्रूकडून झाली तर भोवतीची माणसं आपली उरतात. इथे तीही उरत नाहीत. म्हणूनच 'विश्वास' हा विषय या स्त्रियांच्या उपचारात पहिल्या दिवसापासून येतो, आणि पडद्यावरून बोलायचं की समोर बसून, हा प्रश्न नुसता सोयीचा राहत नाही.

ऑनलाइन उपचार म्हणजे नेमकं काय? ॲप का?

तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात आणि मग निराश होतात.

पहिली: व्हिडिओवरून थेरपिस्टशी ठरलेल्या वेळी भेट. उपचार तोच, खोली तेवढी बदललेली. व्हीएत हे 'व्हीए व्हिडिओ कनेक्ट'वरून चालतं.

दुसरी: संकेतस्थळावरचा टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम, जो तुम्ही स्वतः पुढे न्यायचा आणि मधूनमधून प्रशिक्षक फोनवर विचारपूस करणार. याचं एक जुनं उदाहरण म्हणजे 'डी-स्ट्रेस'. पेंटागॉनवरच्या हल्ल्याने किंवा इराक-अफगाणिस्तानातल्या लढाईने पीटीएसडी झालेल्या ४५ सैनिकांवर त्याची चाचणी झाली आणि २००७मध्ये ती छापून आली. पुढे माजी सैनिक स्त्रियांसाठी त्याची खास आवृत्तीही बनवली गेली.

तिसरी: ॲप. 'पीटीएसडी कोच' २०११पासून मोफत आहे. रात्री तीन वाजता छाती धडधडत उठल्यावर श्वासाचा व्यायाम हाताशी असणं मोलाचं आहे. पण ते पावसातली छत्री आहे, छप्पर नव्हे. नुसत्या ॲपवर भागवत दोन वर्षं गेली असतील, तर पहिल्या प्रकाराकडे वळायची वेळ झाली आहे.

खाली 'ऑनलाइन' म्हटलं की मुख्यतः पहिला प्रकार समजावा.

पडद्यावरून खरंच गुण येतो का? की दवाखाना दूर आहे म्हणून दिलेली दुय्यम सोय?

पीटीएसडीच्या बाबतीत या शंकेला बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे. हवाईत १२६ स्त्रियांवर एक चाचणी झाली, त्यात २१ माजी सैनिक होत्या. काहींना कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (प्रसंगानंतर मनात रुतलेल्या विचारांवर काम करणारा उपचार) समोरासमोर दिली, काहींना व्हिडिओवरून. २०१५मध्ये निकाल आला: व्हिडिओवरचा उपचार समोरासमोरच्या उपचारापेक्षा उणा पडला नाही. व्हीए आणि संरक्षण खात्याच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनीही सुरक्षित व्हिडिओवरून हे उपचार देण्याची शिफारस केली आहे.

मग चिंता कशाची करायची? उपचार मध्येच सुटण्याची. सॅन डिएगोतल्या एका चाचणीत प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणीला आणि जागांना हळूहळू सामोरं जाण्याचा उपचार) तीन प्रकारे दिलं: दवाखान्यात व्हिडिओवर, घरी व्हिडिओवर, आणि थेरपिस्ट प्रत्यक्ष घरी येऊन. गुण तिन्हींत आला. पण मध्येच सोडून जाणारे सर्वांत कमी निघाले ते थेरपिस्ट घरी येई त्या गटात. अर्थ उघड आहे. दारात उभ्या माणसाला 'आज नको' म्हणणं अवघड जातं, लॅपटॉपचं झाकण मिटणं फार सोपं.

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे. पीटीएसडी टिकून राहतो तो टाळण्यामुळे. पडदा ते टाळणं मोडायलाही मदत करतो आणि पोसायलाही. जी बाई व्हीएच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं बसून परत घरी जायची, तिच्यासाठी पडदा हे दार आहे. जी बाई कॅमेरा बंद ठेवून, 'आज जरा दुसऱ्याच विषयावर बोलू' म्हणत आठ आठवडे काढते, तिच्यासाठी तोच पडदा आडोसा आहे.

बरेच उपचार ऐकले. त्यातला कोणता?

२०२३च्या सूचनांमध्ये तीन नावं सगळ्यात वर आहेत: प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, ईएमडीआर. तिन्ही आघाताला थेट भिडतात. 'ताण कमी करा, योग करा, डायरी लिहा' या सल्ल्यांपेक्षा हे वेगळं आहे.

प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजरमध्ये साधारण ८ ते १५ भेटी असतात, प्रत्येक दीड तासाची. तो प्रसंग डोळे मिटून, वर्तमानकाळात, मोठ्याने सांगायचा, पुन्हा पुन्हा. शिवाय टाळलेल्या पण प्रत्यक्षात सुरक्षित जागी हळूहळू जायचं. माजी सैनिक आणि सेवेतल्या मिळून २८४ स्त्रियांवर याची मोठी चाचणी झाली, निकाल २००७मध्ये आला. उपचार संपताना ४१ टक्के स्त्रिया पीटीएसडीच्या निदानात बसेनाशा झाल्या; केवळ सध्याच्या अडचणींवर बोलणाऱ्या दुसऱ्या गटात हे प्रमाण २७.८ टक्के होतं. ती चाचणी समोरासमोरची होती. आकडा प्रामाणिकपणे वाचा: हे सगळ्यांना बरं करत नाही, पण नुसत्या बोलण्यापेक्षा बरंच पुढे नेतं.

कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, म्हणजे सीपीटी, बहुधा १२ भेटींची, प्रत्येक तासाभराची. इथे प्रसंग तपशिलात सांगायलाच हवा असं नाही. काम असतं ते प्रसंगानंतर मनात रुतून बसलेल्या वाक्यांवर. एक नमुना पाहू. घरचा अभ्यास म्हणून तीन रकान्यांचा कागद असतो. पहिल्यात घटना: 'बॅरेकमध्ये त्या रात्री मी दाराला कडी लावली नव्हती.' दुसऱ्यात, मनाने काय म्हटलं: 'कडी लावली असती तर हे झालं नसतं. माझ्यामुळे झालं.' तिसऱ्यात काय वाटलं: 'शरम.' थेरपिस्ट लगेच 'तुमची काही चूक नाही' म्हणत नाहीत. ते वाक्य तिने पन्नासदा ऐकलेलं असतं आणि ते अंगावरून ओघळून जातं. त्या विचारतात, 'त्या बॅरेकमधल्या बाकीच्या जणी रोज कडी लावायच्या का?' नाही. 'मग दार उघडं असणं आणि कुणीतरी आत यायचं ठरवणं, यातला कुठला निर्णय तुमचा होता?' ती थांबते. पडद्यावर दोघींसमोर तोच कागद उघडा असतो, आणि दुसऱ्या रकान्यातलं वाक्य ती स्वतःच्या हाताने खोडून पुन्हा लिहिते. हे काम व्हिडिओवर उलट सोपं जातं. दोघींची नजर कागदावर असते, एकमेकींच्या चेहऱ्यावर रोखलेली नसते.

ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळ्यांनी इकडून तिकडे सरकणारी वस्तू पाहायची. ऑनलाइन असेल तर पडद्यावर सरकणारा ठिपका, नाहीतर हात छातीवर आडवे घेऊन स्वतःच्याच दोन्ही खांद्यांवर आळीपाळीने थोपटणं. लेखी एक्स्पोजर म्हणून आणखी एक आखूड उपचार आहे: ५ भेटी, प्रत्येकीत अर्धा तास त्या प्रसंगाविषयी लिहायचं. मध्ये घरचा अभ्यास नाही. लहान मुलं आणि दोन नोकऱ्या सांभाळणाऱ्या बाईने याविषयी जरूर विचारावं.

निवड करताना एकच कसोटी लावा. 'तुम्ही माझ्या पीटीएसडीसाठी कुठला उपचार देता, किती भेटींचा?' असं थेरपिस्टला विचारा. उत्तरात नाव आणि आकडा आला पाहिजे.

घरी बसून उपचार घेतला तर मी अजूनच घरकोंबडी होणार नाही का?

चांगला प्रश्न, आणि फारसं कुणी विचारत नाही. भेट घरून झाली तरी उपचार घरात संपत नाही. प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजरमध्ये तुम्ही आणि थेरपिस्ट मिळून एक उतरंड बनवता: सगळ्यात कमी भीतीची गोष्ट तळाला, सगळ्यात जास्त भीतीची वर. तळाला कदाचित 'सुपरमार्केटमध्ये सकाळी, गर्दी नसताना' असेल. वर 'शनिवारी दुपारी, मागे अनोळखी पुरुष उभा असताना रांगेत थांबणं.' भीती चढते, तिथेच थांबायचं, ती आपोआप ओसरायला लागते हे शरीराला कळू द्यायचं. घाबरून रांग सोडली तर शरीर शिकतं की पळाले म्हणून वाचले. 'पीई कोच' ॲपमध्ये या फेऱ्यांची नोंद ठेवता येते.

ही फेरी तुमच्याच गल्लीतल्या, तुमच्याच दुकानात होते. दवाखान्यात मिळवलेलं धैर्य घरापर्यंत आणायची कसरत वाचते.

घरात एकांत नाही. पातळ भिंती, मुलं, नवरा.

काही जणी गाडीत बसून भेट घेतात. चालतं, गाडी उभी असली पाहिजे. घरातच असाल तर दाराबाहेर पंखा किंवा पाण्याच्या आवाजाचं ॲप लावा, कानात इयरफोन घाला. थेरपिस्टचा आवाज तुमच्याच कानात राहतो, बाहेर फक्त तुमचा अर्धा संवाद जातो. मुलांना 'आईची मीटिंग' एवढं पुरे. कॅमेरा असा ठेवा की तुमच्या मागे भिंत असेल आणि खोलीचं दार तुम्हाला दिसेल. पाठीमागे दार असलेली बाई अर्धी भेट मान वळवण्यात घालवते.

नवरा किंवा जोडीदारच धोक्याचा असेल, तर घरून व्हिडिओ हा मार्ग बहुधा योग्य नाही. पहिल्याच फोनवर थेरपिस्टला सांगा. आधी एक साधा शब्द ठरवून ठेवा, जो उच्चारला की 'कुणीतरी खोलीत आलंय' हे त्यांना कळेल आणि त्या विषय बदलतील. मेसेजऐवजी ठरलेल्या वेळी फोन करायलाही सांगता येतं.

पुरुष थेरपिस्ट नको असेल तर?

मागा, कारण द्यावं लागत नाही. ऑनलाइनमुळे निवड वाढते. २०१८च्या नियमाने व्हीएचे डॉक्टर आणि थेरपिस्ट राज्याची हद्द ओलांडून व्हिडिओवर उपचार देऊ शकतात. तुमच्या गावच्या केंद्रात स्त्री थेरपिस्ट नसली तर दुसऱ्या राज्यातली मिळू शकते.

व्हीएचं नाव ऐकलं तरी पोटात गोळा येतो. दुसरा पर्याय?

समजण्यासारखं आहे. प्रतीक्षाकक्षात सगळे पुरुष, आणि 'नवऱ्याबरोबर आलात का?' हा प्रश्न. माजी सैनिक स्त्रिया हे सतत सांगतात. व्हेट सेंटर नावाची समुपदेशन केंद्रं व्हीएचीच, पण रुग्णालयापासून वेगळी आहेत, देशभरात सुमारे ३००. एमएसटी झालेल्यांना तिथे समुपदेशन मिळतं, आणि तिथली नोंद तुमच्या परवानगीशिवाय व्हीएच्या रुग्णालयाला किंवा सैन्याला जात नाही. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद.

सगळं रेकॉर्ड होतं का?

व्हीए व्हिडिओ भेटी रेकॉर्ड करत नाही. प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजरमध्ये मात्र तुम्हाला तुमच्या स्वतःच्या फोनवर आवाज रेकॉर्ड करायला सांगतात, कारण तो घरी ऐकणं हा उपचाराचाच भाग आहे. फोनला पासवर्ड घाला. फोन कुणाशी सामायिक असेल तर आधीच बोला.

पैसे नाहीत, धड इंटरनेट नाही.

एमएसटीशी संबंधित उपचार मोफत, हे वर आलंच. यंत्र किंवा जोडणी नसेल तर व्हीए पात्र रुग्णांना इंटरनेटसह टॅबलेट उसना देते. भेटीची वेळ ठरवणाऱ्यांकडेच विचारा.

औषधं?

सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीन या तिघांची पीटीएसडीसाठी शिफारस आहे. सूचनांमध्ये पहिली पसंती मात्र वर सांगितलेल्या थेरपींना आहे. झोपेसाठी किंवा धडधडीसाठी बेंझोडायझेपाइन गटातली गोळी कुणी दिली तर थांबून विचारा. पीटीएसडीत ती देऊ नये असंच त्या सूचना सांगतात. गरोदर असाल, होण्याच्या विचारात असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर औषध सुरू करण्याआधी सांगा. चालू असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

तीन भेटी झाल्या आणि स्वप्नं वाढली. माझं बिघडतंय का?

बहुधा नाही. वर्षानुवर्षं कुलपात ठेवलेलं उघडलं की पहिल्या काही आठवड्यांत झोप उडते, चिडचिड वाढते, 'आधीच बरी होते' असं वाटतं. पुष्कळांना हे होतं आणि ओसरतं. नेमक्या याच टप्प्यावर सोडून देण्याचा मोह होतो, आणि ऑनलाइन असताना सोडणं म्हणजे एका बटणाचं काम. सोडावंसं वाटलं तर एवढंच करा: पुढच्या भेटीला हजर राहून ते तोंडाने सांगा. 'मला सोडायचं आहे' हे वाक्य थेरपिस्टसमोर म्हटलं की तो उपचाराचा विषय होतो. नंतर काय ते ठरवा. भेटीनंतर लगेच कामावर जायची वेळ ठेवू नका. अर्धा तास मोकळा हवा, भांडी घासायला किंवा नुसतं अंगणात उभं राहायला.

ऑनलाइन कुणासाठी नाही?

आत्महत्येचा ठोस बेत मनात असेल, दारू किंवा अमली पदार्थ सोडताना अंगाला झटके येण्याचा धोका असेल, वास्तवाशी संबंध सुटत असेल किंवा भेटीदरम्यान वारंवार भान हरपत असेल, तर आधी प्रत्यक्ष उपचार. १७ जानेवारी २०२३पासून आत्महत्येच्या संकटात असलेल्या पात्र माजी सैनिकांना व्हीएच्या किंवा बाहेरच्या कुठल्याही आपत्कालीन विभागात मोफत उपचार मिळतो. आधी व्हीएत नाव नोंदवलेलं असण्याची अट नाही.

उपचार घेतला तर भरपाईच्या दाव्यावर परिणाम होईल का?

ही दोन वेगळ्या खिडक्यांची कामं आहेत. उपचारासाठी दावा लागत नाही. दावा करायचा असेल आणि त्या वेळी तक्रार केली नसेल, तर एमएसटीच्या बाबतीत इतर खुणाही धरतात: अचानक मागितलेली बदली, घसरलेलं काम, त्या काळातली गर्भधारणेची तपासणी, मैत्रिणीचं किंवा बहिणीचं निवेदन.

माझी मुलगी सैन्यातून परत आली आहे. ती काही बोलत नाही. आम्ही काय करावं?

'झालं गेलं विसरून जा' हे वाक्य टाळा. तिला विसरता आलं असतं तर ती केव्हाच विसरली असती. 'नक्की काय झालं?' हेही खोदून विचारू नका. तिला झोपेतून उठवायचं असेल तर अंगाला हात न लावता दारातून नावाने हाक मारा. मंगळवारी चार ते पाच तिची भेट असेल तर त्या तासाला नातवंडांना बाहेर घेऊन जा आणि परत आल्यावर 'काय बोललात?' असं विचारू नका. तिच्या आवडीचं काहीतरी करून ठेवा. तिला उपचाराकडे कसं वळवावं याबद्दल कुटुंबीयांसाठी व्हीएची 'कोचिंग इन्टू केअरिंग' ही मोफत फोनसेवा आहे. ती तुमच्यासाठी आहे, तिच्यासाठी नव्हे. तिला न सांगताही फोन करता येतो.

आणि बोलता बोलता मध्येच नेट गेलं तर?

जाणारच, आणि नेमकं वाईट क्षणी जाणार. म्हणून पहिल्या भेटीत थेरपिस्ट तीन गोष्टी लिहून घेतात: तुम्ही आत्ता कुठल्या पत्त्यावर आहात, तुमचा फोन नंबर, आणि जवळच्या एका विश्वासातल्या माणसाचा नंबर. चौकशी वाटते, पण ते यासाठीच असतं. पडदा गोठला तर पुन्हा जोडायची धडपड करू नका. फोन हातात घ्या, पाय जमिनीवर टेकवा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. तेवढ्यात फोन वाजेल.